शिखांचे रहितनामे व पागोट्याची मर्यादा

उत्तर पेशवाईच्या पत्रव्यवहारांत 'शीख' हा शब्द वारंवार आढळतो. १७५८ सालीं सरहिंदच्या मोहिमेंत मराठी फौजा व शीख जथे यांची गांठ पडली, आणि १७८५ सालीं महादजी शिंदे यांनीं शीख सरदारांशीं तह केला. या संबंधांची राजकारणी बाजू आपल्या वाचकांस परिचित आहे. परंतु ज्या बाह्य खुणांमुळें शीख मनुष्य दुरून ओळखला जातो, त्या खुणा कोणत्या आज्ञेनें आल्या, ती आज्ञा कोणत्या ग्रंथांत नमूद आहे, आणि त्या ग्रंथाची हातीं असलेली प्रत किती जुनी आहे, हे प्रश्न मराठी कागदांवरून सुटणारे नाहींत. त्यांचीं उत्तरें गुरुमुखी पोथ्यांत आहेत. हे प्रश्न केवळ कुतूहलाचेहि नव्हत. केस व पागोटें यांवरून कोणास शीख म्हणावें, कोणास मतदानाचा हक्क असावा, कोणास शाळेंत घ्यावें, याचे निर्णय आपल्या काळांतहि झालेले आहेत. म्हणून ज्या ग्रंथवर्गांत या आचाराची मांडणी आहे, त्या रहितनाम्यांचा परिचय व त्यांच्या पोथ्यांसंबंधीं कांहीं विचार येथें मांडीत आहों.

१. शब्दविचार

'रहित' हा शब्द मराठी वाचकास चकविणारा आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ 'वांचून' किंवा 'विरहित' असा होतो; पंजाबींत मात्र तो 'राहणें' या अर्थाच्या धातूपासून आला असून आपल्या 'राहणी' शब्दाचा तो सख्खा भाऊ होय. रहित म्हणजे खालसाची राहणी, आचारपद्धति; आणि ती ज्यांत लिहिली तो रहितनामा. करारनामा, जाहीरनामा या शब्दांतील 'नामा' तोच येथें आहे. रहितेच्या उलट वर्तन ती 'कुरहित'.

दुसरा शब्द 'तनखाह'. मराठींत 'तनखा' म्हणजे वेतन, किंवा जमिनीच्या आकाराची नेमणूक. मूळ फारसी शब्द तोच. परंतु खालसाच्या बोलींत 'तनखाह' म्हणजे आचारभंगाबद्दल संगतीनें दिलेलें प्रायश्चित्त, आणि 'तनखाहिया' म्हणजे तें प्रायश्चित्त ज्यास लागू झालें तो दोषी मनुष्य. सरकारी वेतन स्वीकारून बादशाही पक्षास मिळणाऱ्या शिखास हा शब्द निंदेनें लावीत व त्यांतून हा अर्थ उत्पन्न झाला, अशी एक उपपत्ति सांगतात. तिसरा शब्द 'सिरोपा' हा आपल्या 'शिरपाव' शब्दाहून वेगळा नाहीं. फारसी 'सर-ओ-पा', म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा मानाचा पोशाख, हें दोहोंचें मूळ. आज गुरुद्वारांत सन्मान म्हणून गळ्यांत घालतात तें केशरी वस्त्र सिरोपा या नांवानेंच चालतें. पागोट्यास 'पाग', 'पगडी', 'पग्ग' व आदरानें 'दस्तार' असे शब्द आहेत. पिता वारल्यावर वडील पुत्रास पागोटें बांधण्याचा विधि उत्तर हिंदुस्थानांत सर्वत्र आहे. यावरून पागोटें हें घराण्याच्या जबाबदारीचें चिन्ह होतें, ही कल्पना शीख धर्माहून जुनी व व्यापक असल्याचें दिसतें. खालसानें ती घेतली आणि तिला वेगळा अर्थ दिला.

२. खुणेचा उगम

इ. स. १६७५ मध्यें नववे गुरु तेगबहादुर यांचा दिल्लीस वध झाला. त्या प्रसंगीं शहरांतील अनेक शीख गर्दींत मिसळून गेले व त्यांस कोणी ओळखूं शकलें नाहीं; तेव्हां माझा शीख हजारांत उभा असला तरी लपूं नये असा निश्चय गुरु गोविंदसिंगांनीं केला, अशी परंपरा आहे. ही कथा उत्तरकालीन ग्रंथांतून आलेली असल्यामुळें तिला समकालीन पुराव्याचें मोल देतां येत नाहीं. तथापि खालसानें आपल्या वेषाचा अर्थ काय लावला, हें तिच्यावरून स्वच्छ दिसतें. वेष हा भूषणाकरितां नसून लपण्याची वाट बंद करण्याकरितां आहे.

इ. स. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथें गुरु गोविंदसिंगांनीं खंड्याची पाहुल देऊन खालसाची स्थापना केली. या घटनेच्या निकटचा ग्रंथ म्हणजे सैनापतिकृत 'श्रीगुरसोभा'. त्याच्या रचनेचें वर्ष कोणी १७०१ तर कोणी १७११ धरतात. त्यांत दिल्लीच्या संगतींत उद्भवलेल्या एका तंट्याचें वर्णन आहे. घरांत मृत्यु झाल्यावर क्षौर करण्याची रूढी, जिला तेथें 'भद्दर' म्हणत, खालसाच्या कांहीं अनुयायांनीं मोडली. खत्री व ब्राह्मण समाज त्यांजवर उलटला, व्यवहार तुटला, बाजार बंद पडला. हुक्का न ओढणें हाहि या नव्या आचाराचा भाग त्या ग्रंथांत आहे. ज्यांच्या घरीं मृताशौचांतील क्षौराचा विधि आजहि पाळला जातो, त्या मराठी वाचकांस या तंट्याचें स्वरूप सहज उमगेल. केस राखणें ही खाजगी आवड नव्हती. आप्त, जात व बाजार यांच्याशीं उघड विरोध पत्करण्याची ती गोष्ट होती.

पुढें बंदाच्या उठावाचे वेळीं हीच खूण राज्यकर्त्यांच्या कामीं आली. १७१० सालीं बहादुरशहानें दरबारांतील हिंदु नोकरांस दाढ्या काढण्याचा हुकूम केला. त्याच वर्षीं डिसेंबरांत नानकपंथीयांस आढळतील तेथें ठार करण्याचा हुकूम सुटल्याची नोंद दरबारच्या अखबारांत आहे. केस हीच ओळख असल्यामुळें, ज्यांचा बंडाशीं संबंध नाहीं त्यांनीं ती खूण टाकावी असा पहिल्या हुकुमाचा हेतु उघड आहे. आपली खूण सरकारनें अशी शत्रुत्वाची मानल्यावर ती राखणें म्हणजे प्राण पणास लावणें होतें. १७४५ सालीं लाहोर येथें भाई तारूसिंग यांनीं केस देण्यापेक्षां मस्तकाची त्वचा जाऊं देणें पत्करलें, ही कथा शीख प्रार्थनेंत प्रत्यहीं स्मरली जाते.

३. रहितनाम्यांच्या पोथ्या

आतां ग्रंथांकडे वळूं. रहितनामे म्हणून प्रसिद्ध असलेल्या रचनांत नंदलाल यांच्या नांवावरील दोन (एक प्रश्नोत्तररूप व दुसरी 'तनखाहनामा'), प्रह्लादसिंग किंवा प्रह्लादराय यांची, चौपासिंग छिब्बर यांची, तसेंच दयासिंग व देसासिंग यांच्या नांवावरील रचना मुख्य होत. यांतील नांवें गुरूंच्या निकटवर्तीयांचीं आहेत. परंतु नांव व कर्तृत्व एकच मानणें धोक्याचें असतें, हें आपल्या बखरींच्या अभ्यासकांस सांगावयास नको. नंदलाल हे गुरुदरबारचे फारसी कवि. त्यांच्या निःसंशय फारसी रचनांची व तनखाहनाम्याच्या साध्या पद्यांची जात निराळी आहे.

प्रह्लादराय यांच्या रहितनाम्याचें उदाहरण आपल्या दृष्टीनें विशेष बोधप्रद आहे, कारण त्याचें स्थळ महाराष्ट्रांतील आहे. गुरु गोविंदसिंग अबचलनगरीं, म्हणजे नांदेड येथें बसले असतां त्यांनीं हा उपदेश केला, असें तो रहितनामा सांगतो. आणि त्याच्या अखेरीस वर्ष दिलें आहे तें संवत् १७५२, म्हणजे इ. स. १६९५. गुरूंचें नांदेडास येणें व तेथें त्यांचा अंत होणें या गोष्टी १७०८ सालच्या. अर्थात् ग्रंथांतील स्थळ खरें मानल्यास वर्ष तेरा वर्षें अलीकडे आणावें लागतें, आणि वर्ष खरें मानल्यास खालसाची स्थापनाच अद्याप चार वर्षें पुढें राहते. एकाच पुष्पिकेंतील स्थळ व काल असे परस्परांस खोडून काढतात. चौपासिंगाच्या रहितनाम्यांतहि संवत् १७५७, म्हणजे इ. स. १७०० चा काल सांगितलेला आहे. पण त्यांतील वृत्तांत व भविष्यकथनें पाहून प्रा. मॅक्लाउड यांनीं तो १७४० ते १७६५ च्या दरम्यानचा ठरविला आणि १९८७ सालीं त्याचा पाठ भाषांतरासह प्रसिद्ध केला. या ग्रंथांत छिब्बर ब्राह्मण घराण्याचा अभिमान ठिकठिकाणीं डोकावतो, आणि स्त्रियांस खंड्याची पाहुल देणारा त्यांत दोषी ठरविला आहे. आजची शीख मर्यादा स्त्रीपुरुष दोघांसहि समान दीक्षा देते. रहित ही एकदां लिहून संपलेली वस्तु नव्हे, पिढ्यांनीं ती निवडली, गाळली व पुन्हां मांडली, हें या एका भेदावरून ध्यानांत येईल.

याच्या उलट दुसरें उदाहरण आहे. तनखाहनामा हा पुष्कळ उत्तरकालीन असावा असें पूर्वीं कांहीं विद्वान् मानीत. परंतु अमृतसरच्या गुरु नानकदेव विद्यापीठाच्या संग्रहांतील एका पोथींत तो 'नसीहतनामा' या नांवानें मिळाला, आणि त्या पोथीचा काल संवत् १७७५, म्हणजे इ. स. १७१८-१९ आहे. एका पोथीच्या पुष्पिकेनें संपूर्ण ग्रंथ गुरूंच्या अंतानंतरच्या दहा वर्षांत येऊन बसला. संशयानें एक रहितनामा पुढें ओढला गेला व पुराव्यानें दुसरा मागें गेला. दोन्ही निर्णय मूळ पत्रें पाहूनच झाले, हें महत्त्वाचें.

४. पागोट्यासंबंधीं आज्ञा

सर्वसामान्य समज असा कीं पागोटें हें शिखांच्या पांच 'ककारां'पैकीं एक आहे. हा समज बरोबर नाहीं. केस, कंगा, कडें, कृपाण व कच्छ हे ते पांच. त्यांत पागोटें नाहीं. शिवाय या पांचांची एकत्र गणना जुन्या रहितनाम्यांत स्पष्टपणें आढळत नाहीं. केस व शस्त्र यांवर भर मात्र सर्वत्र आहे. पांचांचें सूत्र १८७३ पासून सुरू झालेल्या सिंगसभेच्या चळवळीच्या काळांत सर्वमान्य झालें, असें आधुनिक अभ्यासकांपैकीं अनेकांचें मत आहे. परंपरा तें १६९९ सालचेंच मानते.

मग पागोट्याची आज्ञा कोठें आहे? ती केसांच्या आज्ञेंत अंतर्भूत आहे. तनखाहनाम्यांत दोन्ही वेळां केस विंचरावे, पागोटें पदर पदर नीट चुणून बांधावें आणि रोज दांत घांसावे, असें एकाच ओघांत सांगितलें आहे. त्याच ग्रंथांत उघड्या डोक्यानें जेवणारा किंवा उघड्या डोक्यानें प्रसाद वाटणारा मोठा दोषी म्हटला आहे. प्रह्लादरायाच्या रहितनाम्यांत शिखानें टोपी घालणें कडक शब्दांत निषिद्ध ठरविलें आहे. या तीन आज्ञा एकत्र वाचल्या म्हणजे हेतु कळतो. राखलेले केस हे जटा नव्हत. जटाधारी संन्यासी संसार सोडतो म्हणून केस मोकळे सोडतो. खालसाचा शीख संसारांत राहतो म्हणून केस विंचरून, झांकून, आवरून ठेवतो. कंगा व पागोटें मिळून वैराग्याचें चिन्ह गृहस्थाचें व सैनिकाचें होतें.

आदिग्रंथांतहि पागोट्याचे उल्लेख आहेत. त्यांतील एक आपल्या नामदेवांचा. तिलंग रागांतील त्यांच्या पदांत ते देवाच्या पागोट्याची व मधुर बोलण्याची स्तुति करतात. देवास त्यांनीं जणूं एखाद्या थोर पुरुषाच्या वेषांत पाहिलें आहे. दुसरा उल्लेख मारू रागांतील गुरु अर्जुनदेवांच्या रचनेंत असून त्यांत अखंड रूप व मस्तकावरील दस्तार यांचा निर्देश आहे. आज हें वचन केस व पागोटें यांच्या समर्थनार्थ उद्धृत करतात. मूळ पद मात्र खरा मुसलमान कोणास म्हणावें याचें विवरण करीत असून बाह्य विधींचे अर्थ अंतःकरणाकडे वळविणारें आहे. एकच ओळ तोडून घेतली तर ती वेषाची आज्ञा दिसते. संपूर्ण पद वाचलें तर वेष व वर्तन यांच्या मेळाची अपेक्षा दिसते.

या सर्व परंपरेंतून निवड करून शिरोमणि गुरुद्वारा प्रबंधक समितीनें 'शीख रहित मर्यादा' सिद्ध केली. १९३१ सालीं उपसमिति नेमली गेली, १९३६ सालीं मसुदा संमत झाला व १९४५ सालीं त्यांत सुधारणा झाल्या. त्यांत पोशाखासंबंधीं नियम थोडका आहे: कच्छ व पागोटें यांखेरीज पोशाखाचें बंधन नाहीं, आणि स्त्रियांनीं पागोटें बांधावें कीं न बांधावें हें त्यांच्या इच्छेवर आहे. रंग, आकार, बांधण्याची तऱ्हा यांविषयीं सक्ति नाहीं. निहंगांचा उंच दुमाला व त्यावरील लोखंडी चक्रें हा त्यांचा स्वतंत्र संप्रदाय होय.

५. लोकांसमोरील वर्तन

पागोट्याचा नियम एका वाक्यांत संपतो, पण ज्याच्या डोक्यावर तें आहे त्याच्या वर्तनाचे नियम पुष्कळ आहेत. केसांची विटंबना, कुठ्ठा मांस, परस्त्रीगमन किंवा परपुरुषगमन आणि तंबाखू या चार मोठ्या कुरहिती; त्यांपैकीं एक घडल्यास पुन्हां दीक्षा घ्यावी लागते. याखेरीज चोरी, जुगार व मादक पदार्थ वर्ज्य. कन्येचा वध करणाऱ्याशीं संबंध वर्ज्य. श्रमानें मिळवावें व मिळविलेल्यांतून द्यावें. हे नियम इतर धर्मांतहि थोड्याफार फरकानें सांपडतील. वेगळेपण येथें आहे कीं नियम मोडणारा ओळखूं येतो. टोपी बदलून गर्दींत मिसळण्याची सोय पागोटेंवाल्यास नसते. म्हणून एकाचें वर्तन सगळ्या पंथाच्या नांवावर जमा किंवा खर्च पडतें, ही जाणीव शीख घरांत लहानपणापासून दिली जाते.

दोषाची कबुलीहि लोकांसमोरच व्हावी अशी रीत आहे. संगतीपुढें उभें राहून दोष कबूल करावा, पांच निवडलेल्या शिखांनीं तनखाह सांगावी. ती शक्यतों हातांनीं करावयाच्या सेवेची असावी, संगतीनें क्षमा करण्यांत हट्ट धरूं नये आणि दोषी मनुष्यानें शिक्षेबद्दल वाद घालूं नये, असें १९४५ ची मर्यादा सांगते. महाराजा रणजितसिंगांस अकाल तख्तापुढें बोलावून अकाली फुलासिंग यांनीं फटक्यांची शिक्षा सांगितली व महाराज ती भोगण्यास उभे राहिले, ही परंपरा प्रसिद्धच आहे. अगदीं अलीकडे, २०२४ सालीं, पंजाबचे माजी उपमुख्यमंत्री सुखबीरसिंग बादल यांस अकाल तख्तानें तनखाहिया ठरविलें. डिसेंबरांत त्यांनीं गळ्यांत पाटी व हातांत भाला घेऊन सुवर्णमंदिराच्या दारीं सेवा केली. या निर्णयांच्या राजकीय बाजूंसंबंधीं मतभेद असतील. रहितनाम्यांच्या अभ्यासकास त्यांत एवढें दिसावें कीं तीनशें वर्षांपूर्वींचा शब्द व त्यामागील विधि दोन्ही जिवंत आहेत.

६. कायद्यापुढें

ही खूण परदेशांत गेली तेव्हां तेथील कायद्यांसहि तिचा अर्थ लावावा लागला. ब्रिटनमध्यें १९७६ सालीं पागोटें बांधणाऱ्या शिखांस मोटारसायकलवरील शिरस्त्राणाची सक्ति माफ झाली. १९८३ सालीं पागोट्यामुळें शाळेंत प्रवेश नाकारलेल्या एका मुलाच्या खटल्यांत उमरावांच्या सभेनें शिखांस वंशभेदविरोधी कायद्याचें संरक्षण आहे असें ठरविलें. फ्रान्सनें २००४ सालीं सरकारी शाळांतून ठळक धर्मचिन्हांस बंदी केली व तींत पागोटेंहि आलें. २००१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत एका शीख दुकानदारास दाढी व पागोटें पाहून भलत्याच लोकांपैकीं समजून ठार करण्यांत आलें. जी खूण ओळख पटावी म्हणून धारण केली, तीच चुकीच्या ओळखीचें निमित्त झाली.

आपल्या देशांत प्रश्न निराळा आहे. घटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणांत कृपाण बाळगणें शीख धर्माचा भाग मानलें आहे. २००९ सालीं पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें केस न कापणें हें शीख धर्माचें आवश्यक अंग ठरवितांना जुन्या ग्रंथांची व रहितनाम्यांची चिकित्सा केली. २०१६ सालीं १९२५ च्या गुरुद्वारा कायद्यांत दुरुस्ती होऊन केस कापणाऱ्या सहजधारी लोकांचा प्रबंधक समितीच्या निवडणुकींतील मताधिकार गेला. म्हणजे पोथींतील एका पाठभेदाचें ओझें आतां जिवंत माणसांच्या हक्कांवर पडतें. अशा वेळीं पाठ शुद्ध करण्याचें काम केवळ पंडितांच्या करमणुकीचें राहत नाहीं.

७. संग्राहकांस विनंति

हें काम किती नाजूक आहे हें एका घटनेवरून समजेल. सुवर्णमंदिराच्या आवारांतील शीख संदर्भ ग्रंथालय १९८४ च्या जूनमधील लष्करी कारवाईंत नाहींसें झालें. ग्रंथ जळाले कीं हलविले गेले हा वाद अद्याप चालू आहे; अभ्यासकांपुरतें बोलावयाचें तर हजारों पोथ्या व हुकुमनामे एकदम दृष्टीआड झाले. त्यांपैकीं ज्यांच्या नकला किंवा छायाचित्रें पूर्वींच घेतलीं होतीं तेवढ्याच वांचल्या. २००३ पासून चंदीगड येथील पंजाब डिजिटल लायब्ररी पोथ्यांचीं छायाचित्रें घेण्याचें काम करीत आहे, तें याच धड्यामुळें अधिक मोलाचें वाटतें.

महाराष्ट्राचा या कामाशीं संबंध नांदेडमुळें आहे. तेथील तख्त सचखंड हुजूर साहेब पांच तख्तांपैकीं एक असून त्याचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्यानें चालतो. तेथील मर्यादा १९४५ च्या मर्यादेशीं सर्वांशीं जुळत नाहीं. गुरु ग्रंथसाहेबाच्या जोडीस दशम ग्रंथाचेंहि तेथें प्रकाशन होतें. पंजाबांत जुन्या रूढी सुधारणेच्या ओघांत गेल्या असतां दक्षिणेंत त्यांपैकीं कांहीं टिकल्या. म्हणून मराठवाडा, तेलंगण व वऱ्हाड या भागांतील जुन्या घरांतून गुरुमुखी अक्षरांची पोथी मिळाल्यास ती 'परकी लिपि' म्हणून बाजूस टाकूं नये.

अशी पोथी हातीं आल्यास पुढील गोष्टी कराव्या. पहिली, पोथी सोडवून वेगळी करूं नये. तनखाहनामा ज्या क्रमानें व ज्या रचनांच्या शेजारीं येतो, तो क्रमहि पुरावा असतो. दुसरी, आरंभींचें व अखेरचें पत्र यांचीं छायाचित्रें आधीं घ्यावीं. पुष्पिकेंतील संवत् हा मूळ रचनेचा, आदर्श प्रतीचा कीं नकलेचा, हें शाई व हस्ताक्षर यांवरून तपासावें. तिसरी, समासांतील व ओळींवरील दुरुस्त्या खोडूं नयेत. छापील आवृत्त्यांच्या संपादकांनीं सुधारकी दृष्टीनें कांहीं आज्ञा गाळल्या आहेत. भाई कान्हसिंग नाभा यांच्या 'गुरमत सुधाकर' या थोर संकलनांतहि रहितनाम्यांतील निवडक भागच घेतले आहेत. गाळलेला भाग आपणांस पटो वा न पटो, तो इतिहासाचा आहे. चौथी, पोथीच्या मालकांच्या श्रद्धेचा मान राखावा. डोकें झांकून, हात धुऊन, उंच आसनावर पोथी ठेवूनच ती उघडावी. तंबाखू जवळ नसावी, हें निराळें सांगावयास नको.

पागोट्याचे पदर एकावर एक बसतात तेव्हां आंतील पदर दिसत नाहींत, तरी बाहेरच्यास आधार त्यांचाच असतो. रहितेचेंहि तसेंच आहे. १९४५ च्या मर्यादेखालीं सिंगसभेचा पदर आहे, त्याखालीं चौपासिंगाचा, त्याखालीं १७१८ च्या पोथींतील तनखाहनाम्याचा. ते वेगवेगळे मोजून पाहणें हें पंथाचा अवमान करणें नव्हे. ज्या आज्ञेसाठीं मनुष्यांनीं प्राण दिले व आजहि रोज सकाळीं आरशासमोर उभे राहून जी पाळतात, ती आज्ञा कोणत्या शब्दांत व केव्हां लिहिली गेली, हें बिनचूक सांगणें एवढेंच संशोधकाचें देणें आहे.